डाव्यांना पाठिंबा आणि डाव्यांना मत: लोकसभेआधीचे दोन वेगळे हिशेब

२०२४च्या लोकसभेला महाविकास आघाडीने महाराष्ट्रातल्या ४८ जागा वाटून घेतल्या त्या अशा: शिवसेना उद्धव ठाकरे गट २१, काँग्रेस १७, राष्ट्रवादी शरद पवार गट १०. बेरीज केली की ४८ भरतात. माकप (मार्क्सवादी कम्युनिस्ट), भाकप (भारतीय कम्युनिस्ट), शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) या तिघांच्या वाट्याला एकही जागा आली नाही, आणि तिघेही आघाडीसोबतच होते. त्यामुळे 'यंदा डाव्यांना मत द्यावं का' हा वाद कट्ट्यावर कितीही रंगला, तरी आपल्याकडच्या बऱ्याच मतदारांसमोरच्या यंत्रावर ते बटणच नसतं.

म्हणून आधी एक गाठ सोडवायला हवी. पाठिंबा ही पाच वर्षांची गोष्ट आहे आणि मत ही एका दिवसाची. पाठिंबा द्यावा की नाही हे पक्षाचा कार्यक्रम, त्याचं काम आणि त्याचा इतिहास बघून ठरतं. मत मात्र मतदारसंघ, उमेदवार आणि आकडे बघून ठरतं. दोन्ही उत्तरं एकच यायला हवीत असं नाही. पाठिंबा 'हो' आणि मत 'नाही', हेही प्रामाणिक उत्तर असू शकतं. उलटही असू शकतं: कार्यक्रम फारसा पटत नाही, पण उभ्या असलेल्यांत हाच माणूस कामाचा आहे.

'डावे' म्हणजे नक्की कोण, हेही आधीच ठरवून घ्या, कारण चिन्हं जवळपास सारखी आणि पक्ष वेगळे. माकपचं चिन्ह विळा-हातोडा-तारा, भाकपचं कणीस-विळा, भाकप माले (मार्क्सवादी-लेनिनवादी) लिबरेशनचं तीन तारे असलेला झेंडा. शेकाप हा महाराष्ट्राचा घरचा पक्ष, १९४७चा. रायगड आणि सांगोला ही त्याची ओळखीची ठिकाणं. २०२४ला लोकसभेत माकपचे ४, भाकपचे २ आणि मालेचे २ खासदार निवडून आले. माकपचे मदुराई, दिंडीगुल, अलाथूर आणि राजस्थानातलं सीकर. भाकपचे तिरुप्पूर आणि नागपट्टिणम. मालेचे बिहारमधले आरा आणि काराकाट. या यादीत बंगाल नाही. केरळमधल्या २० जागांपैकी माकपला एकच मिळाली. तमिळनाडूतल्या चारही जागा द्रमुकच्या आघाडीतून आल्या. लोकसभेतला आजचा डावा खासदार बहुतेक वेळा कुणाच्या तरी आघाडीच्या खांद्यावर बसून आलेला असतो, हे डोक्यात ठेवलं की पुढचं गणित सोपं जातं.

जाहीरनामा कसा वाचायचा

डाव्यांचे जाहीरनामे लांबलचक असतात आणि त्यांतली बरीचशी वाक्यं दर निवडणुकीला तीच असतात. सगळं वाचत बसू नका. आपल्या पोटापाण्याशी संबंध असलेलं एक आश्वासन निवडा आणि ते शेवटपर्यंत सोलून बघा.

शेतकऱ्यासाठी ते आश्वासन म्हणजे हमीभाव: सी२ अधिक ५० टक्के, तोही कायद्याने. हे 'सी२' काय आहे ते सभेत कुणी नीट सांगत नाही. कृषिमूल्य आयोग उत्पादनखर्च तीन पायऱ्यांनी मोजतो. ए२ म्हणजे बियाणं, खत, फवारणी, भाड्याचा ट्रॅक्टर, सालगडी आणि रोजंदारी असा खिशातून गेलेला पैसा. त्यात घरच्या माणसांच्या राबण्याची किंमत धरली की ए२ अधिक एफएल होतो. त्यावर स्वतःच्या जमिनीचं गृहीत भाडं आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याज चढवलं की सी२. केंद्र सरकार २०१८-१९पासून 'दीडपट हमीभाव' म्हणतं ते ए२ अधिक एफएलच्या दीडपट. २०२४-२५ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, म्हणजे धरलेला खर्च क्विंटलला ३,२६१.

समजण्यापुरते गोल आकडे घेऊ. खिशातला खर्च ३,००० आणि घरची मजुरी ५००, म्हणजे ३,५००; त्याच्या दीडपट ५,२५०. आता जमिनीचं भाडं आणि व्याज मिळून १,१०० चढवा. सी२ झाला ४,६००, दीडपट ६,९००. क्विंटलमागे १,६५० रुपयांचा फरक. सगळा झगडा या फरकाचा आहे.

पण उमेदवाराला विचारायचा प्रश्न याच्या पुढचा आहे: घेणार कोण? २०२४च्या हंगामात सोयाबीन बाजार समित्यांत हमीभावाखाली विकलं गेलं, कारण भाव जाहीर होता आणि खरेदी अपुरी. ओलावा १२ टक्क्यांच्या वर म्हणून माल परत, मग नोव्हेंबरात ती अट १५ टक्क्यांवर आली, आणि पुढे केंद्रांवर बारदान्याची रड. भाव कायद्यात लिहिला आणि खरेदी केंद्र, गोदाम, बारदाना, पैसे जमा होण्याची मुदत यांचं काही लिहिलं नाही, तर व्यापारी त्या भावाला हातच लावणार नाही आणि माल घरात पडून राहील. ज्या उमेदवाराकडे याचं उत्तर आहे तो विषय जाणतो. जो 'कॉर्पोरेट लूट' एवढंच म्हणून थांबतो त्याला अजून दोन प्रश्न विचारा.

त्याच जाहीरनाम्यात महिना किमान २६,००० रुपये वेतनाची मागणीही असते. मजुरी वाढली की उत्पादनखर्च वाढतो, तो वाढला की सी२ वाढतो, की हमीभाव वाढतो, की शहरातल्या कामगाराची डाळ महागते. यावर डाव्यांचं उत्तर रेशनचं आहे: स्वस्त धान्य दुकानांतून डाळ, तेल, साखर द्या आणि मधला फरक सरकारने सोसावा. मग पैशाचा प्रश्न येतो, त्यावर उत्तर अतिश्रीमंतांवरच्या कराचं. ही साखळी पटते की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मला ती तर्काला धरून वाटते, पण तिची प्रत्येक कडी केंद्र सरकारच्या हातात आहे, आणि चार खासदारांच्या पक्षाच्या हातात त्यातली एकही नाही.

म्हणून जाहीरनाम्यातल्या मागण्यांचे दोन ढीग करा. एका ढिगात सरकार हातात असल्याशिवाय न होणारी कामं: किमान वेतन, संपत्ती कर, चार कामगार संहिता मागे घेणं, अण्वस्त्रांना विरोध. दुसऱ्यात मूठभर खासदारांनाही जमणारी: प्रश्न विचारणं, समितीत भिन्नमत नोंदवणं, विधेयकावर दुरुस्त्या देणं, कोर्टात जाणं. निवडणूक रोखे १५ फेब्रुवारी २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, त्या खटल्यात माकप याचिकाकर्ता होता आणि त्याने रोखे घेतलेही नव्हते. हे दुसऱ्या ढिगातलं काम. लोकसभेसाठी पक्षाला तोलायचं तर दुसरा ढीग जास्त वजनाचा.

पहिल्या ढिगातलं काही घडायला किती बळ लागतं त्याचं माप २००४ने दिलं. तेव्हा माकपचे ४३, भाकपचे १०, आणि आरएसपी, फॉरवर्ड ब्लॉक हे छोटे डावे पक्ष धरून डावे साठच्या घरात होते. काँग्रेस आघाडीचं सरकार त्यांच्या बाहेरच्या पाठिंब्यावर उभं होतं आणि किमान समान कार्यक्रम लिहून ठेवलेला होता. त्याच काळात २००५ला माहिती अधिकार आणि रोजगार हमी, २००६ला वनहक्क कायदा आला, भेलचे समभाग विकणं थांबलं. श्रेय एकट्या डाव्यांचं नाही. रोजगार हमीची कल्पना तर महाराष्ट्रातूनच गेलेली. पण ते दाब देऊ शकत होते, कारण त्यांच्याशिवाय बहुमत होत नव्हतं. मग २००८च्या जुलैमध्ये अमेरिकेसोबतच्या अणुकरारावरून त्यांनी पाठिंबा काढला, २२ जुलैला सरकारने विश्वासमत जिंकलं, आणि पुढच्याच लोकसभेत डाव्यांची ताकद निम्म्याहून खाली आली. करार योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. आपल्यासाठी प्रश्न असा: ज्या पक्षाला आपण संसदेत पाठवतो तो हातात आलेला दाब कशासाठी खर्च करतो? बाजारभाव, मजुरी, जमीन यांसाठी, की परराष्ट्र धोरणासाठी? १९९६ला ज्योती बसूंना पंतप्रधानपद मिळत असताना पक्षाने नाही म्हटलं, त्याला पुढे स्वतः बसूंनीच ऐतिहासिक चूक म्हटलं. पाठिंबा देणाऱ्याने हे दोन प्रसंग वाचून ठेवावेत. जवळच्या माणसाची खोड माहीत असावी, तसं.

काम बघायचं तर तहसीलला बघा

डाव्या पक्षाची खरी परीक्षा निवडणुकीच्या वर्षात होत नाही, ती अधल्यामधल्या वर्षात होते. महाराष्ट्रात ती तपासायचे दोन चांगले नमुने आहेत.

पहिला वनहक्काचा. २०१८च्या मार्चमध्ये माकपच्या किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून मुंबईला पायी आला, साधारण १८० किलोमीटर. मुख्य मागणी वनजमिनीची होती. कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून कसत असलेल्या आदिवासीला प्रत्यक्ष कसतो तेवढी, जास्तीत जास्त ४ हेक्टर जमीन मिळते. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे सुरू होतो, तिथून उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. अडतं कुठे? दावा एकरांत आणि मंजुरी गुंठ्यांत. मोजणी न होताच नकार. नकाराचं कारण लेखी न देणं, त्यामुळे अपिलाची मुदत हातची जाणं. पट्टा मिळालाच तर सातबाऱ्यावर नाव 'इतर हक्कात' चढवून पीककर्ज अडकवणं. पक्षाचा कार्यकर्ता या कामात आहे की नाही हे सभेतल्या गर्दीवरून कळत नाही. त्याला विचारा, तालुक्यात किती दावे अपिलात आहेत, मागची सुनावणी कधी झाली. जो काम करतो त्याच्या पिशवीत वही असते.

दुसरा नमुना सोलापूरचा. विडी आणि यंत्रमाग कामगारांसाठी रे नगरची ३०,००० घरांची योजना माकपचे नरसय्या आडम यांनी वर्षानुवर्षं लावून धरली. त्यातल्या पहिल्या १५,००० घरांच्या चाव्या जानेवारी २०२४मध्ये पंतप्रधान मोदींच्या हस्ते दिल्या गेल्या, कारण पैसा प्रधानमंत्री आवास योजनेचाही होता. कट्टर कार्यकर्त्याला ही गोष्ट अवघडल्यासारखी होते. मला उलट वाटतं: विरोधी सरकारची योजना मोडून-वाकवून आपल्या माणसांच्या घरापर्यंत आणता येणं ही खासदार-आमदाराची पहिली लायकी. मात्र चाव्या कुणाच्या हस्ते मिळाल्या आणि मतं कुठे गेली याचाही विचार व्हायला हवा. काम लाल बावट्याचं आणि मत दुसऱ्याला, हे सोलापुरात, नाशकात नेहमीचं. युनियनचा सभासद कारखान्याच्या दारात कामगार असतो आणि मतदान केंद्रावर आपल्या जातीचा, गल्लीचा, देवळाचा होतो.

तुमच्या तालुक्यात अशी वही घेऊन फिरणारं कुणीच नसेल, तर पक्षाशी तुमचं नातं विचारापुरतंच आहे. त्यातही वावगं काही नाही, पण मग निदान फसवून घेऊ नका.

बंगालचं काय, हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतोच, आणि तो टाळू नये. १९७७ ते २०११ सलग सत्ता, सुरुवातीला बर्गादारांची, म्हणजे वाट्याने शेती कसणाऱ्यांची, नोंदणी आणि पंचायती, शेवटी सिंगूरचं कारखान्यासाठीचं भूसंपादन आणि १४ मार्च २००७चा नंदीग्रामचा गोळीबार, ज्यात १४ माणसं गेली. शेतकऱ्याच्या जमिनीच्या नावाने आलेल्या सरकारने जमिनीवरूनच गोळी चालवली, हे झाकून पाठिंबा मागणारा कार्यकर्ता कच्चा समजावा. दुसरा आक्षेप केरळचा: तिथे काँग्रेसशी थेट लढत, इथे काँग्रेससोबत एका व्यासपीठावर. २०२४ला वायनाडमध्ये राहुल गांधींसमोर भाकपच्या ॲनी राजा उभ्या होत्या. राज्याराज्याची समीकरणं वेगळी असतात हे खरं, पण तुमच्या खासदाराचं दिल्लीतलं मत कुणाच्या बाजूला पडणार हे त्याला आधी विचारून ठेवा.

शपथपत्र

उमेदवाराचं नमुना २६मधलं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर, अर्ज भरल्यावर लगेच दिसतं. त्यात पाच वर्षांचं प्राप्तिकर विवरणपत्रातलं उत्पन्न, जंगम-स्थावर मालमत्ता, सरकारी देणी, शिक्षण आणि गुन्हे असतात.

डाव्या उमेदवाराच्या शपथपत्रात गुन्ह्यांची यादी अनेकदा लांब असते आणि त्यावरून व्हॉट्सॲपवर आकडे फिरतात: 'यांच्यावर तर पंधरा गुन्हे'. आकडा बघू नका, कलम बघा. जुन्या भादंविची १४३, १४७, १४९ ही बेकायदा जमाव आणि दंग्याची, ३४१ वाट अडवल्याचं, १८८ आदेश मोडल्याचं. जोडीला महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ३७ आणि १३५, म्हणजे जमावबंदी मोडली. मोर्चा, रास्ता रोको, घेराव यांत हीच लागतात. १ जुलै २०२४नंतरच्या गुन्ह्यांत भारतीय न्याय संहितेचे आकडे दिसतील: बेकायदा जमाव १८९, वाट अडवणं १२६, आदेश मोडणं २२३. ३५३, म्हणजे नव्यातलं १३२, इथे मात्र थांबा. सरकारी कामात अडथळा म्हणून ते आंदोलनातही सर्रास लावतात, पण खरोखर मारहाणही झालेली असू शकते. फिर्याद कुणाची, दोषारोप निश्चित झाले का, ते रकाने वाचा. ४२० किंवा पतसंस्थेतला अपहार असेल तर तो आंदोलनाचा गुन्हा नाही, कुणी कितीही सांगो. गुन्हे असलेल्या उमेदवाराला ते प्रचारकाळात तीनदा वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर जाहीर करावे लागतात. जाहिरात बारीक अक्षरांत आतल्या पानावर येते.

मालमत्तेच्या रकान्यात माकपच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट असते. त्यांचे खासदार-आमदार वेतन पक्षाकडे देतात आणि पक्ष ठरवेल तो भत्ता घेतात. त्यामुळे दोनदा-तीनदा निवडून आलेल्याचीही मालमत्ता फुगलेली नसावी ही अपेक्षा. फुगली असेल तर शेती, वारसा, जोडीदाराची नोकरी असं कारण दिसायला हवं. मागच्या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी ठेवून ताडून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

आता आकडे

'मत वाया जाईल' हे वाक्य डाव्यांच्या मतदाराला सर्वात जास्त ऐकावं लागतं. कधी ते खरं असतं, कधी साफ खोटं. हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही.

तीन निकाल घ्या. दिंडोरी, २०१९: भाजपच्या भारती पवार राष्ट्रवादीच्या धनराज महाले यांच्यापेक्षा जवळपास २ लाखांनी पुढे. माकपचे जे. पी. गावित तिसरे, त्यांना सुमारे १ लाख ९ हजार. गावितांची सगळी मतं, एकही न गळता, दुसऱ्या क्रमांकाला दिली तरी निकाल तोच. म्हणजे 'डाव्यांनी मतं खाल्ली' हा आरोप तिथे आकड्यांत बसत नाही.

पालघरची पोटनिवडणूक, २०१८: भाजप आणि शिवसेना तेव्हा एकमेकांविरुद्ध, अंतर सुमारे २९,५००. माकपला सुमारे ७२ हजार. डाव्यांची मतं अंतरापेक्षा दुपटीहून जास्त, पण पहिले दोघे भाजप आणि सेना. डाव्या मतदाराला त्या दोघांत निवड करायची नसेल, तर त्याचं मत 'वाया' कसं गेलं? अंतर बघणं पुरेसं नाही, अंतर कुणाकुणात आहे तेही बघावं लागतं.

नांदेड, २०१९, इथे डावे नव्हते पण गणित तेच: काँग्रेसचे अशोक चव्हाण ४०,१४८ मतांनी हरले आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या वंचित बहुजन आघाडीला १,६६,१९६ मतं. तिसऱ्याच्या मतांपैकी चौथाई जरी दुसऱ्याकडे गेली असती तरी निकाल फिरला असता. अशा जागी 'मी मनाप्रमाणे मत दिलं' म्हणताना निकालाची जबाबदारीही थोडी अंगावर घ्यावी लागते. मुंबई वायव्यला २०२४चा निकाल ४८ मतांनी लागला, तेव्हा एका सोसायटीच्या एका जिन्याचं मतही हलकं नसतं.

हा हिशेब आपल्या मतदारसंघाचा करायला नमुना २० लागतो. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या संकेतस्थळावर लोकसभेचा, विधानसभा क्षेत्रानुसार आणि केंद्रानुसार निकाल असतो. बहुतेक ठिकाणी स्कॅन केलेले कागद, शोधायला त्रासदायक. त्यात डाव्यांची मतं कुठे साठली आहेत ते बघा. दिंडोरीत ती सुरगाणा-कळवणच्या आदिवासी पट्ट्यात दाट, आणि निफाड, येवला, चांदवडच्या कांद्याच्या पट्ट्यात विरळ. लोकसभेचा मतदारसंघ सहा विधानसभा क्षेत्रांचा, म्हणून एका क्षेत्रात आमदार निवडून आणणारी ताकद लोकसभेला तिसऱ्या क्रमांकावर अडकते. डहाणूत २०१९ आणि २०२४ला माकपचे विनोद निकोले आमदार झाले, पण पालघर लोकसभा त्यांच्या टप्प्यात येत नाही ती याचमुळे.

तीन ठिकाणी लोक चुकतात. एक, २००९च्या आधीचे आकडे आजच्या मतदारसंघाला लावणं. पुनर्रचनेत डहाणूचा पालघर, कुलाब्याचा रायगड झाला, दिंडोरी तर नव्यानेच तयार झाला. १९७७ला माकपने महाराष्ट्रात तीन जागा जिंकल्या, अहिल्या रांगणेकर मुंबईत, लहानू कोम डहाणूत, गंगाधर अप्पा बुरांडे बीडमध्ये; तो इतिहास अभिमानाचा, पण आजच्या अंदाजाला कुचकामी. दोन, विधानसभेची मतं लोकसभेत जशीच्या तशी धरणं. तीन, डाव्याने माघार घेतली की त्याची सगळी मतं मित्रपक्षाला जातात असं मानणं. त्यातली काही विचाराची, काही जमातीची, काही त्या माणसाची असतात. माणूस हलला की शेवटची आधी फुटतात.

हरणाऱ्या मतालाही किंमत असते, पण ती ठरावीक आकड्यांना. वैध मतांच्या एक षष्ठांश, म्हणजे १६.६७ टक्क्यांच्या वर गेलात तर अनामत वाचते. लोकसभेला ती २५,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२,५००. गावितांना २०१९ला साडेनऊ टक्क्यांच्या आसपास मतं होती, अनामत गेली. तरीही तो लाखभर मतांचा आकडा फुकट गेला नाही. २०२४ला त्यांनी दिंडोरीवरचा दावा सोडून राष्ट्रवादी शरद पवार गटाच्या भास्कर भगरे यांना पाठिंबा दिला, भगरे एक लाखाहून जास्त मतांनी जिंकले, आणि त्याच वर्षीच्या विधानसभेला आघाडीने डहाणू आणि कळवण माकपला सोडलं. लोकसभेचं मत असं विधानसभेच्या जागेत वटवलं जातं. ही हुंडी कधी परत येते: सोलापूर शहर मध्यला त्याच विधानसभेत आडम मास्तरांसमोर काँग्रेसनेही उमेदवार दिला, आणि जागा भाजपकडे गेली.

यंत्रावर चिन्हच नसेल तर

मग उरतो पाठिंबा, आणि तो निवडणुकीच्या वर्षात फक्त घोषणेचा नसावा. देणगी द्यायची तर चेक किंवा ऑनलाइन, पावतीसह. जुन्या करपद्धतीत नोंदणीकृत पक्षाला रोखीशिवाय दिलेल्या देणगीवर पूर्ण वजावट मिळते, नव्या करपद्धतीत नाही, हे बघूनच ठरवा. रोख २,००० पेक्षा जास्त घेणारा कार्यकर्ता नियम मोडतो आहे. २०,००० च्या वरच्या देणगीदारांची नावं आयोगाकडे जातात.

माकपचं सदस्यत्व फॉर्म भरून लगेच मिळत नाही. दोन सदस्यांची शिफारस, मग वर्षभर उमेदवार सदस्य, आणि उत्पन्नाप्रमाणे लेव्ही, म्हणजे पक्षवर्गणी. ज्याला एवढं बांधून घ्यायचं नाही त्याला किसान सभा, जनवादी महिला संघटना, कामगारांच्या सिटू आणि आयटक अशा संघटनांची दारं जास्त सोपी. परदेशातल्या मराठी माणसाने भारतीय नागरिकत्व सोडलं नसेल तर नमुना ६ए भरून नाव घालता येतं, पण मत द्यायला गावी स्वतःच यावं लागतं.

वेळ

निर्णय फार आधी करू नका. अधिसूचना निघाली की सात दिवस अर्ज, दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवस माघारीचे, मग साधारण दोन आठवडे प्रचार. डाव्यांच्या जागांचा निकाल बहुतेक वेळा माघारीच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनला लागतो. त्याआधी मांडलेलं सगळं गणित कच्चं. मतदार यादीत नाव मात्र आधीच बघा. नवं नाव नमुना ६ने, पत्ता बदल नमुना ८ने, आणि अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसाच्या दहा दिवस आधीपर्यंत. स्थलांतरित मजूर हाच डाव्यांचा मतदार आणि त्याचंच नाव यादीतून सर्वात आधी गळतं.

आणि यंत्रासमोर चिन्ह नीट वाचा. दिंडोरीत २०२४ला भास्कर भगरे यांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस होतं, आणि बाबू भगरे नावाच्या अपक्षाचं नुसती तुतारी. त्या अपक्षाला १ लाखाहून जास्त मतं पडली. भाकपचा राष्ट्रीय पक्षाचा दर्जा एप्रिल २०२३मध्ये गेला आहे, त्यामुळे कणीस-विळा प्रत्येक राज्यात आपोआप राखीव राहत नाही. बटण दाबलं की व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते. अनुक्रमांक, नाव, चिन्ह, तिन्ही वाचून व्हायला तेवढे पुरतात.